गच्ची नसलेल्यांची वीज

भिवंडी तालुक्यातील पडघे येथे विजेची एक लांबलचक वाहिनी येऊन विसावते. तिचा आरंभ चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रापाशी होतो. १९९० च्या दशकाच्या अखेरीस उभारलेली ही वाहिनी ७५२ किलोमीटरांचे अंतर कापून १५०० मेगावॉटपर्यंत वीज ठाणे जिल्ह्याच्या दारात आणून सोडू शकते. तेथून ती उपनगरांत पसरते, कारखान्यांत जाते, लिफ्ट चढवते, वातानुकूलन यंत्रे फिरवते. राख व धूर मात्र चंद्रपूरला राहतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील अतिप्रदूषित औद्योगिक पट्ट्यांची जी यादी सिद्ध केली, तीत चंद्रपूरचे नाव होते आणि डोंबिवलीचेही होते. एकाच वाहिनीच्या दोन्ही टोकांना घुसमटलेली माणसे असावीत, हा योगायोग नव्हे. वीज कोठे निर्माण करावी, कोणी वापरावी आणि तिची किंमत कोणी श्वासाने मोजावी, हे या देशात ज्यांनी ठरविले त्यांत चंद्रपूरचा खाणकामगार नव्हता आणि डोंबिवलीचा चाकरमानीही नव्हता.

महाराष्ट्रात विजेचा इतिहास हा विस्थापनाचाही इतिहास आहे. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले आणि मुंबईच्या गिरण्या सह्याद्रीच्या पाण्यावर चालू लागल्या. त्याच प्रवाहाच्या पुढच्या टप्प्यात मुळशीच्या मावळ्यांच्या जमिनी बुडाल्या आणि १९२१ साली सेनापती बापटांना सत्याग्रहाला उभे राहावे लागले. कल्याणजवळ चोळे येथे रेल्वेने स्वतःचे कोळशाचे वीजघर उभारले ते गाड्यांसाठी. त्याची धुराडी थंड होऊनही आता बराच काळ लोटला. कोयनेने राज्याला प्रकाश दिला आणि कोयनेची धरणग्रस्त कुटुंबे मूळ गावापासून दूर दूर विखुरली. १९९० च्या दशकात एन्रॉन आली. तिची वीज घेणे वीज मंडळाला परवडेना, तेव्हा २००१ साली खरेदीच थांबवावी लागली. विजेचे तंत्र दर पिढीत बदलले, पण मालकाची जात बदलली नाही, एवढे या साऱ्यावरून दिसते.

आता पाळी सूर्याची आहे. सूर्याला खाण लागत नाही, धरण लागत नाही, तो गुहागरच्या खाडीत उतरवून घ्यावा लागत नाही. म्हणून सौर ऊर्जा आपोआपच लोकशाहीवादी ठरेल, अशी एक भाबडी समजूत सुशिक्षितांत रूढ आहे. ती तपासून पाहावयास हवी आणि ती तपासण्यास ठाणे-कल्याण-डोंबिवलीसारखा दुसरा प्रदेश नाही. केंद्र सरकारच्या सौर शहर योजनेत ठाणे व कल्याण-डोंबिवली या दोन्ही शहरांची निवड झाली होती. पाच वर्षांत पारंपरिक ऊर्जेची अपेक्षित मागणी निदान दहा टक्क्यांनी घटवावी, असा त्या योजनेचा संकल्प होता. दोन्ही महापालिकांनी नव्या इमारतींवर सौर उष्णजल संयंत्रे बंधनकारक केली, हे त्यांच्या श्रेयाचे. भोगवटा दाखला मिळेतो टाकी गच्चीवर दिसली पाहिजे, पुढे तिच्यात पाणी तापते की पावसाचे साचते हे सोसायटीच्या नशिबावर, असा अनुभव मात्र येथील रहिवाशांना नवा नाही.

१३ फेब्रुवारी २०२४ रोजी पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना जाहीर झाली. एक कोटी घरांवर सौर संच आणि त्यासाठी ७५ हजार २१ कोटी रुपयांची तरतूद, असा तिचा आकार. पहिल्या दोन किलोवॉटांस प्रत्येकी ३० हजार रुपये आणि तीन वा अधिक किलोवॉटांच्या संचास एकूण ७८ हजार रुपये अनुदान मिळते. महाराष्ट्र शासनानेही २०२५ साली गरीब व अल्पवापर करणाऱ्या घरांसाठी तीत आपली भर घातली. योजना वाईट नाही. तीन किलोवॉटांचा संच दिवसाला सरासरी बारा युनिटे देतो, म्हणजे एका मध्यमवर्गीय कुटुंबाचे बिल जवळजवळ पुसले जाते. प्रश्न इतकाच, की हे कुटुंब राहते कोठे? त्याच्या डोक्यावर स्वतःच्या मालकीचे, पक्के, उन्हातले छप्पर असले पाहिजे. ही अट योजनेच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापली जात नाही, परंतु साऱ्या योजनेचा पाया तीच आहे.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील खोलीत, कळव्या-मुंब्र्याच्या दाटीत, कल्याण पूर्वेच्या चाळीत, भिवंडीच्या यंत्रमाग कामगारांच्या बिऱ्हाडात अशी गच्ची कोणाच्या नावावर आहे? पत्र्याखाली भाड्याने राहणाऱ्याला पत्राही आपला नाही. सदनिकेत राहणाऱ्याची स्थिती थोडी बरी, पण तीही पाहण्यासारखी आहे. गच्ची सर्व सभासदांची, म्हणजे व्यवहारात कोणाचीच नव्हे. अनेक सोसायट्यांना बांधून वीस-तीस वर्षे झाली तरी बिल्डरने जमिनीचे अभिहस्तांतरण करून दिलेले नाही. त्यासाठी २००८ साली कायद्यात मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद करावी लागली आणि ते मिळविण्यासाठी सोसायटीच्या चिटणीसाला निबंधकाच्या कचेरीत किती खेपा घालाव्या लागतात हे तोच जाणे. ज्या इमारतींना परवानगीच नव्हती त्यांची कथा निराळी. डोंबिवली परिसरातील ६५ बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश उच्च न्यायालयाने २०२४ साली दिला. आयुष्याची पुंजी घालून घर घेतलेल्या तेथील कुटुंबांना घरच राहील की नाही याची शाश्वती उरली नाही, गच्चीवरच्या सौर पॅनेलची गोष्ट दूरच.

आणि ज्या सोसायट्यांचे कागदपत्र चोख आहेत, त्यांना सरकार काय देते? वैयक्तिक घराला किलोवॉटमागे ३० हजार आणि गृहनिर्माण सोसायटीला किलोवॉटमागे १८ हजार! तेही सामाईक वापरासाठी, म्हणजे पाण्याचा पंप, लिफ्ट आणि जिन्यातले दिवे यांच्यापुरते. मोठा संच किलोवॉटमागे स्वस्त पडतो म्हणून अनुदान कमी, असे याचे समर्थन केले जाते. हिशेबापुरते ते खोटे नाही. परंतु एकट्याने केले तर तीस हजार, चौघांनी मिळून केले तर अठरा, असा दर जे शासन लावते ते लोकांना कोणती सवय लावू पाहते? सहकाराचा टेंभा मिरविणाऱ्या राज्यात या प्रश्नावर एकाही सहकारमहर्षीला कंठ फुटला नाही, याचे नवल वाटत नाही. साखरेत जे मिळते ते सूर्यप्रकाशात मिळत नाही.

याहून गंभीर बाब पुढेच आहे आणि तिची चर्चा फारशी होत नाही. विजेचे दर टप्प्याटप्प्यांनी चढत जातात. अधिक वीज वापरणारा युनिटमागे अधिक देतो आणि त्या जादा पैशाचा काही भाग कमी वापरणाऱ्याचे बिल आटोक्यात ठेवण्यास उपयोगी पडतो. आता बंगल्यावर, कारखान्यावर, मॉलवर सौर संच बसला की वरच्या टप्प्यातला हाच ग्राहक महावितरणच्या वहीतून निम्मा-अधिक बाहेर पडतो. तारा, खांब, रोहित्रे, वायरमनचा पगार हा खर्च काही कमी होत नाही. संध्याकाळी सूर्य मावळला की तोच ग्राहक त्याच तारेवरून वीज घेतो. मग खर्चाचा तो भार कोणावर पडणार? ज्याच्या गच्चीवर काही नाही त्याच्यावर! म्हणजे ज्या गरिबाला अनुदान मिळाले नाही त्यालाच, शेजाऱ्याला अनुदान मिळाले म्हणून, महाग वीज घ्यावी लागण्याचा हा प्रकार आहे. यावरून गच्चीवरील सौर ऊर्जा बंद करावी असा निष्कर्ष काही वीज कंपन्यांना काढावयाचा असतो. तो स्वीकारण्याचे कारण नाही. ज्यांना गच्ची नाही त्यांनाही सूर्यात वाटा मिळावा, हाच त्यातून निघणारा सरळ निष्कर्ष आहे.

हे शक्य आहे काय? आकडेमोड करून पाहावी. एक मेगावॉटच्या सौर शेतास चार-पाच एकर जमीन लागते आणि आजच्या भावाने उभारणीस चार कोटी रुपयांच्या आसपास खर्च येतो. कोकणातला पावसाळा जमेस धरूनही वर्षाला सुमारे चौदा लाख युनिटे मिळण्यास हरकत नाही. चाळीतल्या एका खोलीचा वापर महिना ८० युनिटे धरला, तर अशा एका शेतावर सुमारे चौदाशे खोल्यांची वर्षाची गरज भागते. बंगलेवाल्याला जे किलोवॉटमागे ३० हजार रुपये मिळतात, तेच या चौदाशे कुटुंबांच्या सहकारी संस्थेला दिले तर तीन कोटी रुपये उभे राहतात. उरला एक कोटी. म्हणजे कुटुंबामागे सात हजार रुपयांच्या जवळपास भागभांडवल, आणि तेही बँकेकडून कर्जाऊ घेऊन हप्त्याने फेडता येण्यासारखे. सोसायटीचा १८ हजारांचा दर लावला तर हाच वाटा पावणेसोळा हजारांच्या घरात जातो. चाळीतल्या बाईने भिशीत भरण्याजोगी रक्कम आणि न भरण्याजोगी रक्कम यांतले अंतर एवढेच आहे, आणि ते सरकारच्या एका परिपत्रकाने मिटते. तारांच्या वापराचे शुल्क महावितरणला यातून द्यावेच लागेल, फुकट वहन मागण्याचे कारण नाही.

दूरच्या शेतातली वीज चाळीतल्या बिलात वळती कशी करावयाची, हा तांत्रिक प्रश्न आता प्रश्न उरलेला नाही. दिल्लीच्या वीज नियामक आयोगाने २०१९ सालीच आभासी नेट मीटरिंगची नियमावली केली. एका ठिकाणी निर्माण झालेली वीज अनेक ग्राहकांच्या बिलांत ठरल्या वाट्याने वजा करावयाची, इतकी ती साधी आहे. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या समुद्रात २००० साली उभारलेल्या वीस पवनचक्क्यांपैकी निम्म्यांची मालकी साडेआठ हजारांच्या आसपास सामान्य भागधारकांच्या सहकारी संस्थेकडे गेली; त्यांपैकी कोणाच्याही अंगणात पवनचक्की नव्हती. इतके दूर जाण्याचीही गरज नाही. गुजरातच्या खेडा जिल्ह्यातील धुंडी गावात २०१६ साली अवघ्या सहा शेतकऱ्यांनी सौर पंपधारकांची सहकारी मंडळी स्थापून पंपाला लागून उरलेली वीज वितरण कंपनीला विकण्यास आरंभ केला. सहा शेतकरी जे करू शकले ते डोंबिवलीच्या सहाशे सोसायट्यांना करता येऊ नये, असे म्हणणे धार्ष्ट्याचे ठरेल. डोंबिवली नागरी, ठाणे जनता, कल्याण जनता या सहकारी बँका १९७० च्या दशकात याच भागातल्या नोकरदारांच्या ठेवींवर उभ्या राहिल्या. त्यांच्या चालकांच्या राजकारणाशी मतभेद असोत. पण गावच्या पैशातून गावाचे काम उभे राहते, याचा पुरावा म्हणून त्यांच्याकडे बोट दाखविता येते.

आता जमिनीचा प्रश्न. तो टाळून पुढे गेल्यास सारा युक्तिवाद ढोंगी ठरेल. ठाण्या-कल्याणात चार-पाच एकर मोकळी जमीन कोठे आहे? ती आहे मुरबाडला, शहापूरला, भिवंडीच्या ग्रामीण भागात. या भागाचा शहराशी आजवरचा व्यवहार पाहावा. भातसा, तानसा, वैतरणा यांचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात शहापूर तालुक्यातील पाडे टँकरची वाट पाहतात. मुरबाडच्या काळू धरणाविरुद्ध आदिवासींना उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, तेव्हा २०१२ साली ते काम थांबले. पाण्यापाठोपाठ ऊनही शहराला नेण्यासाठी येथील माणसांच्या जमिनी घ्यावयाच्या असतील, तर त्या शेताला सामुदायिक म्हणणे ही शब्दांची फसवणूक होईल.

सौर प्रकल्प निरुपद्रवी असतो म्हणून त्याच्या जमिनीचा व्यवहारही निरुपद्रवी असतो असे नाही. धुळे जिल्ह्यातील विखरणचे वृद्ध शेतकरी धर्मा पाटील यांची जमीन वीज प्रकल्पासाठी घेतली गेली. प्रथम प्रकल्प औष्णिक होता, मागाहून सौर झाला. मोबदल्यातला अन्याय तेवढा दोन्ही रूपांत कायम राहिला. पाच एकर बागायतीचे सुमारे चार लाख रुपये त्यांच्या हाती पडले. कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवून थकलेल्या या शेतकऱ्याने २२ जानेवारी २०१८ रोजी मंत्रालयात विष घेतले आणि २८ जानेवारीला त्यांचा अंत झाला. स्वच्छ ऊर्जेच्या परिषदांत हे नाव घेतले जात नाही. ते घेतले पाहिजे.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या २०२३ सालच्या दुसऱ्या टप्प्यात खाजगी जमिनीस हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये भाडे व दरसाल तीन टक्के वाढ ठरली आहे. जमीन विकत न घेता भाड्याने घ्यावयाची आणि मालकी शेतकऱ्याकडेच ठेवावयाची, हे तत्त्व योग्य आहे. वरच्या हिशेबातल्या एक मेगावॉटला दोन हेक्टर धरले तर वर्षाचे भाडे अडीच लाख. चौदाशे कुटुंबांवर ते वाटले तर कुटुंबामागे महिन्याला पंधरा रुपये पडतात. शहरातल्या घराने आणखी पंधरा रुपये दिले तर मुरबाडच्या शेतकऱ्याचे भाडे दुप्पट होते! जमिनीचा भाव पाडल्याशिवाय वीज स्वस्त होत नाही, ही कंत्राटदारांची ओरड किती पोकळ आहे हे एवढ्यावरून ध्यानात यावे. खरा धोका गायरानांना आहे. कागदावर ती सरकारची पडीक जमीन. प्रत्यक्षात तेथे गुरे चरतात, सरपण निघते, भूमिहीनांची चार वाफे नाचणी होते. असल्या जमिनीचे भाडे कोणाला द्यावयाचे नसते, म्हणूनच ती अधिकाऱ्यांना सोयीची वाटते. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो, मुरबाड-भिवंडीचा काही भागही मोडतो. १९९६ चा पेसा कायदा व राज्याची २०१४ ची नियमावली यांनुसार तेथे ग्रामसभेचा शब्द प्रमाण आहे. तेव्हा ग्रामसभा ही प्रकल्पाची केवळ संमतीदार नव्हे तर भागीदार असली पाहिजे, आणि पाड्यातले दिवे त्याच शेतावर आधी लागले पाहिजेत. पॅनेल धुण्याचे, गवत काढण्याचे, राखणीचे काम पाड्यातल्या तरुणांना मिळावे हे तर उघडच आहे. कल्याणच्या कंत्राटदाराने मजूर आणून ते करून घेऊ नये.

सहकार म्हटले की सारे मंगलच होते, असे समजण्याचेही कारण नाही. नगर जिल्ह्यातील मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था ही ग्रामीण वीज सहकाराचा देशातला आरंभीचा प्रयोग होती. कोट्यवधींची थकबाकी साचत गेली आणि २०११ साली तिच्या हातचे वितरण महावितरणकडे गेले. संस्था सभासदांची राहिली नाही की बिल वसूल करण्याचे धैर्यही संस्थेत राहत नाही, कारण ज्याच्याकडे मोठी थकबाकी असते त्याच्याच हाती मतांची गठडी असते. ठाण्याच्या सौर संस्थेत असे घडू द्यावयाचे नसेल तर एका कुटुंबाचा एकच वाटा, वाटा विकावयाचा तर संस्थेलाच, आणि दर महिन्याचा निर्मितीचा आकडा चाळीच्या फळ्यावर, एवढी बंधने पोटनियमांत प्रथमच घालावी लागतील. नाहीतर पाच वर्षांत सारे भाग एका नगरसेवकाच्या मेहुण्याच्या नावावर गोळा झालेले दिसतील.

संध्याकाळची अडचण खरी आहे. कसारा-कर्जतकडच्या गाड्या भरून येतात, घराघरांत दिवे-पंखे लागतात, त्याच वेळी सौर शेत झोपी जाते. दिवसाची वीज वहीत जमा करून रात्री वापरावी, ही सोय ग्रिडच्या भरवशावर आहे आणि ग्रिडच्या मुळाशी आजही चंद्रपूरचाच कोळसा आहे. साठवणीच्या बॅटऱ्या स्वस्त होत आहेत. त्यांचा खर्च आज ना उद्या हिशेबात धरावा लागेल. पण दिवसा चालणारे यंत्रमाग, महापालिकांची पाणी उपसा केंद्रे, रुग्णालये, शाळा यांची दिवसाची गरज जरी सौर वीज भागवू लागली तरी कोळशाचा तेवढा भार हलका होईल. भिवंडीत २००७ पासून आणि मुंब्रा-कळवा-शीळ भागात २०२० पासून वितरण खाजगी फ्रँचायझीकडे आहे. तेथील ग्राहकाचा सौर वाटा फ्रँचायझीच्या वहीतही तंतोतंत वजा झाला पाहिजे, हे नियामक आयोगाने आधीच बजावून ठेवणे आवश्यक आहे. नाहीतर ज्या वस्त्यांना या विजेची सर्वांत अधिक निकड आहे, त्याच तिच्यातून वगळल्या जातील.

जमिनीचा वाद मिटेतो हात बांधून बसण्याचे कारण नाही. महापालिकांच्या शाळांची छपरे, रुग्णालये, परिवहन सेवेचे आगार, एस. टी. ची स्थानके, कल्याणच्या बाजार समितीच्या शेड, जलकुंभ व शुद्धीकरण केंद्रे ही सारी सार्वजनिक मालकीची आहेत आणि त्यांवर कोणाचे गुरू चरत नाही की कोणाची नाचणी पिकत नाही. ही छपरे पंचवीस वर्षांच्या कराराने एखाद्या कंपनीला देऊन टाकण्याचे प्रस्ताव महापालिकांच्या पुढे येतच राहतील आणि त्यांत शहराला एक पैही न घालता स्वस्त वीज असे आमिष दाखविले जाईल. असा प्रस्ताव आला की सभागृहातील सदस्यांनी एक उपसूचना मांडावी: छप्पर ज्या प्रभागात आहे, त्या प्रभागातील गच्ची नसलेल्या कुटुंबांच्या नोंदणीकृत सहकारी संस्थेस त्या छपरावर पहिला हक्क असावा; संस्था स्थापण्यासाठी तिला एक वर्षाची मुदत द्यावी; आणि तोवर निविदा काढू नये.